हेडफोनमध्ये समोरचा आवाज समोरून का ऐकू येत नाही?

श्रुतिकाकार

नमस्कार. गेले काही महिने मी एका चाळीस मिनिटांच्या श्रुतिकेचे ध्वनिसंयोजन करीत आहे. ती हेडफोनवरच ऐकली जाणार आहे, आणि ऐकणारा प्रसंगाच्या बाहेर न राहता त्याच्या मधोमध बसला आहे असे त्याला वाटावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. म्हणून सारे संवाद एकेका मायक्रोफोनवर, घुमारा जवळजवळ नसलेल्या खोलीत स्वच्छ ध्वनिमुद्रित केले. पाऊस आणि जिन्यावरची पावले मात्र चार कॅप्सूलच्या, सर्व दिशांचा आवाज एकत्र टिपणाऱ्या अँबिसॉनिक मायक्रोफोनवर घेतली, सगळे आवाज सॉफ्टवेअरमध्ये आपापल्या दिशेला ठेवले आणि शेवटी दोन कानांसाठीची बायनॉरल फाइल काढली.

डावी-उजवी बाजू अपेक्षेपेक्षा चांगली जमली आहे. डावीकडचे दार डावीकडेच करकरते, उजव्या कानाशी केलेली कुजबुज अंगावर काटा आणते. घोडे अडते ते समोर. नायिका ऐकणाऱ्याच्या थेट समोर, दोन मीटरवर उभी राहून “तुम्ही अजून इथेच आहात?” असे विचारते, तो या श्रुतिकेतला कळीचा क्षण आहे, आणि नेमक्या त्याच वाक्याला तिचा आवाज समोरून येत नाही. सहा जणांना आधी काहीही न सांगता मी तो प्रसंग ऐकवला. चौघांना ती पाठीमागून बोलते असे वाटले, एकाला स्वतःच्या डोक्याच्या आत, आणि फक्त एका बाईंना ती समोर असल्याचे जाणवले. मला स्वतःला ती कपाळाच्या आतल्या बाजूला ऐकू येते.

दुसरी एक विचित्र गोष्ट अशी की छपरावरचा पाऊस वरून न येता समोरून येतो, आणि ध्वनिमुद्रणाच्या वेळी मायक्रोफोनच्या समोर असलेला जिना डावीकडे ऐकू येतो. हा त्याच दोषाचा भाग आहे की वेगळा, ते मला कळत नाही.

एका परिचितांचे म्हणणे असे की कानाला १० मायक्रोसेकंदांचा फरक कळतो आणि ४८ किलोहर्ट्झच्या फाइलमध्ये दोन नमुन्यांतले (ध्वनीच्या लागोपाठच्या दोन मोजमापांतले) अंतरच २०.८ मायक्रोसेकंद असते, तेव्हा सारे काम १९२ किलोहर्ट्झवर नव्याने करायला हवे. दुसऱ्या एकांनी अधिक चॅनेलचा मायक्रोफोन घेण्याचा सल्ला दिला. यांपैकी काही करण्याआधी, मूळ दोष कुठे आहे हे मला नीट समजून घ्यायचे आहे. माझ्या कामात चूक आहे, की हे तंत्रच अजून समोरच्या आवाजापर्यंत पोहोचलेले नाही?

अनुनाद

आपण नायिकेला जिथे उभे केले आहे, ती दोन कानांच्या दृष्टीने सर्वांत अवघड जागा आहे. म्हणून दोष शोधण्याआधी कान दिशा कशी ओळखतात ते थोडे पाहू.

१९०७ साली लॉर्ड रॅले यांनी मांडलेला विचार आजही पाया म्हणून टिकून आहे. आवाज एका बाजूने आला की तो लांबच्या कानापर्यंत उशिरा पोहोचतो. सर्वसाधारण आकाराच्या डोक्याला हा उशीर जास्तीत जास्त ०.६५ मिलिसेकंदांच्या आसपास असतो आणि सुमारे १,५०० हर्ट्झच्या खालच्या आवाजात तो मेंदूला फार उपयोगी पडतो. त्याहून उंच वारंवारतांना डोकेच आड येते, लांबच्या कानावर सावली पडते आणि दोन कानांतल्या पातळीचा फरक दिशा सांगतो. समोरच्या बाजूला माणसाला अवघ्या एका अंशाचा बदल ओळखता येतो, म्हणजे वेळेच्या हिशेबात साधारण ९ मायक्रोसेकंद. आपली डावी-उजवी बाजू चांगली जमली ती यामुळेच, कारण हे दोन फरक बहुतेक माणसांत थोड्याफार प्रमाणात सारखेच असतात.

आता नायिका थेट समोर उभी आहे. वेळेचा फरक शून्य, पातळीचा फरक शून्य. ती थेट मागे उभी असती तरी दोन्ही शून्यच असते, आणि डोक्यावर लटकलेली असती तरीही. म्हणजे ज्या दोन साक्षीदारांवर मेंदूचा सर्वाधिक भरवसा, तेच इथे गप्प असतात.

मग उरते ती बाह्यकर्णाची साक्ष. कानाच्या घड्या आणि खळगे येणाऱ्या आवाजाचा काही अंश परावर्तित करतात, तो मूळ आवाजात मिसळतो आणि वारंवारतेच्या काही अरुंद पट्ट्यांत आवाज जवळजवळ पुसला जातो. साधारण ६ ते १० किलोहर्ट्झच्या दरम्यानच्या या खाचा आवाजाच्या उंचीनुसार सरकतात. येन्स ब्लाउएर्ट यांनी १९७० च्या सुमारास दाखवून दिले की अरुंद पट्ट्यातला आवाज डोक्याच्या मध्यरेषेवर कुठूनही वाजवला, तरी तो कुठून आला असे वाटेल हे त्याच्या वारंवारतेवर ठरते: १ किलोहर्ट्झच्या आसपासचा मागून, ८ किलोहर्ट्झच्या आसपासचा वरून. म्हणजे मध्यरेषेवर मेंदू आवाजाचा रंग वाचून दिशा ठरवतो.

इथेच गाठ बसली आहे. डोके, खांदे आणि बाह्यकर्ण मिळून आवाजावर दिशेनुसार जो परिणाम करतात, त्याच्या फिल्टरांच्या संचाला एचआरटीएफ म्हणतात, आणि आपल्या सॉफ्टवेअरमधला संच कुणा दुसऱ्याच्या कानांचा किंवा पुतळ्याचा आहे. एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये १९९४ साली केमार नावाच्या पुतळ्याच्या कानात मायक्रोफोन बसवून ७१० दिशांची मोजमापे घेतली गेली, आणि ती सर्वांसाठी खुली असल्याने कितीतरी सॉफ्टवेअरमध्ये वापरली गेली. २००१ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेने ४५ जणांची, प्रत्येकी १,२५० दिशांची मोजमापे प्रसिद्ध केली. ते आलेख शेजारी शेजारी ठेवून पाहावेत, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. ३ किलोहर्ट्झपर्यंत रेषा बऱ्याच अंशी एकमेकींच्या अंगाने जातात, आणि त्यापुढे प्रत्येक माणसाच्या खाचा आपापल्या जागी पडलेल्या दिसतात. आपले सहा श्रोते परक्या कानांनी ऐकत होते. ज्या बाईंना आवाज समोरून आला, त्यांचे कान त्या संचाशी योगायोगाने जुळत असावेत.

या विषयातला मला सर्वांत आवडणारा प्रयोग १९९८ सालचा आहे. नेदरलँड्समध्ये हॉफमन, व्हान रिस्विक आणि व्हान ओप्स्टाल या संशोधकांनी काही जणांच्या कानांच्या खळग्यांत साचे बसवून कानांचा आकार बदलला. डावे-उजवे ओळखण्यात फारसा फरक पडला नाही, पण वर-खाली ओळखण्याची क्षमता तत्काळ ढासळली. ते लोक तेच साचे घालून रोजचे व्यवहार करत राहिले आणि काही आठवड्यांत त्यांचा मेंदू नव्या कानांना सरावला. त्याहून विलक्षण गोष्ट ही की साचे काढल्यावर जुने कान पुन्हा शिकावे लागले नाहीत. मेंदूने दोन्ही नकाशे जपून ठेवले होते. आपल्या श्रोत्याजवळ मात्र आठवडे नाहीत, चाळीस मिनिटेच आहेत.

आणखी एक कारण याहून मोठे आहे, असे माझे मत आहे. खऱ्या जगात आपण मान स्थिर ठेवून ऐकत नाही. हान्स वॉलाख यांनी १९४० मध्ये दाखवले की समोर की मागे हा संभ्रम मानेच्या हालचालीने सुटतो. मान ५ अंश उजवीकडे वळवली की समोरचा आवाज डोक्याच्या मानाने ५ अंश डावीकडे जातो आणि डाव्या कानाला तो साधारण ४५ मायक्रोसेकंद आधी मिळतो. आवाज मागे असता तर उजव्या कानाला तितकाच आधी मिळाला असता. ही खूण इतकी स्पष्ट आहे की तिच्यापुढे परक्या कानांचा दोषही बराचसा झाकला जातो. साध्या बायनॉरल फाइलमध्ये मात्र मान वळवली की अख्खे जग तिच्याबरोबर वळते. जी वस्तू आपल्या डोक्याबरोबर तंतोतंत फिरते ती डोक्याच्या आतच असली पाहिजे, हा मेंदूचा निष्कर्ष अगदी रास्त आहे. शिवाय समोर तर डोळ्यांना कुणी दिसत नाही, मग ती मागे असावी.

तेव्हा मानेची हालचाल टिपणारे हेडफोन वापरता आले, तर आधी ते वापरून पाहा. २०२० पासून असे इअरबड सर्वसामान्य बाजारात आहेत. त्यांत हालचाल टिपणारे त्वरणमापक आणि जायरोस्कोप असतात आणि मान वळताच फिल्टर बदलले जातात. मान वळणे आणि आवाज बदलणे यांतला उशीर सुमारे ६० मिलिसेकंदांच्या आत असला, तर बहुतेकांना तो खटकत नाही. साध्या ब्लूटूथ जोडणीत अनेकदा याच्या दुप्पट-तिप्पट उशीर होतो, तिथे हा परिणाम विस्कटतो.

तरंगलांबी

पाऊस आणि जिना यांचा प्रश्न वेगळा आहे, आणि तो पाच मिनिटांत सुटावा.

अँबिसॉनिक पद्धत मायकेल गर्झन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात उभी केली. तिच्या पहिल्या श्रेणीत चार चॅनेल असतात: एक सर्व दिशांचा, आणि बाकीचे तीन पुढे-मागे, डावे-उजवे आणि वर-खाली या अक्षांचे. जुन्या, फर्स-मॅलम नावाच्या पद्धतीत ते डब्ल्यू, एक्स, वाय, झेड या क्रमाने ठेवले जातात. आता जास्त चालणाऱ्या अँबिएक्स पद्धतीत क्रम डब्ल्यू, वाय, झेड, एक्स असा आहे. जुन्या क्रमाची फाइल नव्या क्रमाची समजून वाचली, तर पुढचा आवाज डावीकडे जातो, डावीकडचा वर जातो आणि वरचा समोर येतो. आपण लिहिलेली लक्षणे अक्षरशः हीच आहेत. मायक्रोफोनबरोबर आलेल्या रूपांतर सॉफ्टवेअरमध्ये कोणता क्रम निवडला आहे ते पाहा आणि संयोजनाच्या सॉफ्टवेअरमध्येही तोच ठेवा. दोन पद्धतींत डब्ल्यूची पातळीही ३ डेसिबलने वेगळी असते, म्हणून हाताने चॅनेलची अदलाबदल करण्यापेक्षा योग्य रूपांतरकच वापरावा.

१९२ किलोहर्ट्झबद्दल: आपल्या परिचितांचे दोन्ही आकडे बरोबर आहेत आणि निष्कर्ष चुकीचा आहे. नमुन्यांतले अंतर २०.८ मायक्रोसेकंद असले, म्हणून त्याहून लहान उशीर फाइलमध्ये साठवताच येत नाही असे नाही. उशीर नमुन्यांच्या वेळांत साठवलेला नसतो, तो त्यांच्या उंचीत असतो. ५०० हर्ट्झचा शुद्ध स्वर एका कानाला १० मायक्रोसेकंद उशिरा मिळाला, तर दोन चॅनेलमध्ये १.८ अंशाचा कलाभेद पडतो (पूर्ण तरंग ३६० अंशांचा धरला, तर एक तरंग दुसऱ्याच्या इतका मागे असतो). एक तरंग शून्य ओलांडत असताना दुसरा आपल्या शिखराच्या ३.१ टक्के उंचीवर असतो. १६ बिटच्या फाइलमध्ये शिखर ३२,७६७ वर असले, तर हा फरक हजाराहून अधिक पायऱ्यांचा झाला. तो अतिशय स्पष्टपणे नोंदला जातो आणि ध्वनी पुन्हा घडवताना जसाच्या तसा बाहेर येतो.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. काही साधी सॉफ्टवेअर कानांमधला उशीर पूर्ण नमुन्यांतच मोजतात, आणि मग हळूहळू सरकणारा आवाज पायऱ्यापायऱ्यांनी उड्या मारतो. ती त्या सॉफ्टवेअरची उणीव झाली, ४८ किलोहर्ट्झची नव्हे. नमुन्याच्या अंशाइतका उशीर देणारा फिल्टर वापरणारे सॉफ्टवेअर घेतले की हा दोष जातो.

श्रुतिकाकार

दोघांचेही मनापासून आभार. चॅनेलचा क्रम तंतोतंत आपण म्हणालात तसाच चुकला होता. तो दुरुस्त केल्याबरोबर पाऊस वर गेला आणि जिना समोर आला. इतके आठवडे मी ते ध्वनिमुद्रणच सदोष समजत होतो.

मान टिपणारे इअरबड एका स्नेह्यांकडून आणून तोच प्रसंग ऐकला. पहिल्या क्षणी ती डोक्यातच होती. मी मान जराशी डावीकडे नेली आणि ती झटकन बाहेर पडून समोर जाऊन उभी राहिली. पुढे मी मान स्थिर ठेवली तरी काही सेकंद ती तिथेच राहिली. हे अनुभवल्यावर अनुनाद यांचे म्हणणे पूर्णपणे पटले.

तरीही माझी अडचण शिल्लक आहे. श्रुतिका दोन चॅनेलची साधी फाइल म्हणूनच ऐकली जाणार आहे आणि श्रोत्याकडे कोणते हेडफोन असतील ते माझ्या हातात नाही. या मर्यादेत नायिकेला समोर आणण्यासाठी काय करता येईल?

मंद्रसप्तक

अनुनाद यांचे विवेचन बिनचूक आहे, पण त्यांनी ज्या गोष्टीला स्पर्श केला नाही तीच आपल्या हातात असलेली सर्वांत मोठी गोष्ट आहे, असे मला वाटते. आपली नायिका कोणत्याही खोलीत उभी नाही. तिचा आवाज घुमारा नसलेल्या जागेत घेतला आणि त्याला फक्त दिशेचा फिल्टर लावला. इतका कोरडा आवाज माणसाला आयुष्यात फार क्वचित ऐकायला मिळतो, आणि मिळतो तेव्हा बोलणारा कानाला अगदी खेटून असतो. त्यामुळे अंतर सांगणारी खूणच आपण पुसून टाकली आहे.

आकड्यांत पाहू. तिचे तोंड जमिनीपासून १.६ मीटर, बसलेल्या श्रोत्याचे कान १.२ मीटर आणि मधले अंतर २ मीटर. थेट आवाज २.०४ मीटर प्रवास करतो. जमिनीवरून परतून येणारा ३.४४ मीटर, म्हणजे तो सुमारे ४ मिलिसेकंद मागाहून आणि खालच्या दिशेने येतो. बाजूची भिंत दीड मीटरवर असेल तर तिच्यावरून येणारा आवाज साडेचार मिलिसेकंदांनी मागाहून, समोरच्या रेषेपासून जवळजवळ ५५ अंशांवरून येतो. या शेवटच्या आकड्याकडे लक्ष द्यावे. थेट आवाजात दोन कानांत काहीही फरक नव्हता. भिंतीवरून आलेल्या आवाजात मात्र वेळेचा आणि पातळीचा भरपूर फरक आहे. त्या परावर्तनांमुळे आवाज डोक्याच्या बाहेर पडतो. ती वेगळी ऐकू येत नाहीत, कारण पहिल्यांदा पोहोचलेल्या आवाजाची दिशा मेंदू ग्राह्य धरतो आणि लगेच मागून येणारे त्यातच मिसळून घेतो. वॉलाख, न्यूमन आणि रोझेन्झ्वाइग यांनी १९४९ मध्ये या पूर्वक्रमाच्या परिणामाचे वर्णन केले आहे.

यासाठी साधा स्टिरिओ रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा, पुरत नाही, हे मुद्दाम सांगतो. त्यातली परावर्तने दिशाहीन असतात आणि आवाज नुसता धुरकटतो. सुरुवातीच्या सहा-आठ परावर्तनांना प्रत्येकी आपापल्या दिशेचा एचआरटीएफ लावणारे, किंवा खऱ्या खोलीत पुतळ्याच्या कानांनी टिपलेला दोन कानांचा प्रतिसाद वापरणारे सॉफ्टवेअर घ्यावे. एके काळी हे गणित संगणकाला झेपत नसे. दोन सेकंदांचा घुमारा ४८ किलोहर्ट्झवर ९६,००० नमुन्यांचा होतो. तो सरळ गुणाकारांनी लावायचा तर एका कानासाठी दर सेकंदाला ४६० कोटी गुणाकार करावे लागतात. १९६५ साली कूली आणि ट्युकी यांनी जलद फूरिये रूपांतराची, म्हणजे ध्वनी झटपट त्याच्या वारंवारतांत फोडण्याची, रीत मांडल्यावर हे ओझे कितीतरी पटींनी उतरले, पण त्या रीतीत पूर्ण तुकडा गोळा होईपर्यंत थांबावे लागे. विल्यम गार्डनर यांनी १९९५ मध्ये प्रतिसादाचे लहान-मोठे तुकडे पाडून, अगदी सुरुवातीचा भाग थेट आणि पुढचे भाग रूपांतराने काढण्याची युक्ती दाखवली, आणि उशीर जवळपास नाहीसा झाला. आज हे गणित फोनमध्येही विनासायास चालते, तेव्हा परावर्तनांच्या बाबतीत काटकसर करण्याचे काही कारण उरलेले नाही.

दुसरी सूचना संहितेच्या अंगाची आहे. नायिकेला थेट मध्यरेषेवर आणून उभे करू नये. ती २० ते २५ अंश डावीकडून बोलू लागली की वेळेचा फरक मेंदूच्या हाती येतो. त्याहून चांगले म्हणजे तिला चालत आणावे. दार डावीकडे आहेच. पावले दाराकडून समोर येत येत थांबली आणि मग वाक्य आले, तर ती समोरच थांबली आहे ही खात्री ऐकणाऱ्याच्या मनात आधीच तयार झालेली असते. पाठीमागून आलेली पावले दारापासून सुरू होणार नाहीत, हे कथेने त्याला सांगून ठेवलेले असते.

आणि एक गोष्ट अवश्य तपासावी: ऐकणाऱ्यांच्या फोनमध्ये अवकाशीय ध्वनीची (स्पेशियल ऑडिओची) सोय चालू होती का? ती चालू असेल तर आपल्या बायनॉरल फाइलवर फोन पुन्हा आपले फिल्टर चढवतो. एका कानातून गेलेला आवाज दुसऱ्या कानातून पुन्हा गाळला जातो आणि खाचांचा पार गोंधळ उडतो. सहापैकी दोघा-तिघांचा निकाल यामुळेही बिघडलेला असू शकतो.

अनुनाद

खोलीचा मुद्दा माझ्याकडून राहून गेला, हे मान्य. एक भेद मात्र स्पष्ट ठेवायला हवा. परावर्तने आवाजाला डोक्याबाहेर काढतात, हे निःसंशय. पण बाहेर काढल्यावर तो पुढे ठेवायचा की मागे, हे ती ठामपणे ठरवू शकत नाहीत. म्हणून मंद्रसप्तक यांची चालत आणण्याची सूचना मला त्यांच्या पहिल्या सूचनेइतकीच मोलाची वाटते.

अधिक चॅनेलच्या मायक्रोफोनबद्दल आपण विचारले होते, ते अनुत्तरित राहिले आहे. अँबिसॉनिक श्रेणी वाढली की चॅनेल वर्गाच्या पटीत वाढतात: पहिल्या श्रेणीला ४, तिसरीला १६. श्रेणी जितकी वरची तितक्या उंच वारंवारतेपर्यंत डोक्याभोवतीचे ध्वनिक्षेत्र बरोबर घडवता येते. डोक्याची त्रिज्या पावणेनऊ सेंटिमीटर धरली तर पहिल्या श्रेणीची मर्यादा ६०० हर्ट्झच्या जरा पुढे येते आणि तिसरीची १,९०० हर्ट्झच्या आसपास. बाह्यकर्णाच्या ८ किलोहर्ट्झच्या खाचेपर्यंत याच मार्गाने जायचे तर तेरावी श्रेणी, म्हणजे १९६ चॅनेल लागतील. त्यामुळे मोठा मायक्रोफोन घेऊन नायिका समोर येणार नाही. पाऊस चहूकडून येतो, त्याला चार चॅनेल पुरतात. संवाद मात्र अँबिसॉनिक मिश्रणात न मिसळता स्वतंत्र ध्वनिवस्तू म्हणून ठेवावेत आणि त्यांना थेट एचआरटीएफ लावावा. आपण सर्व काही आधी पहिल्या श्रेणीत मिसळून मग दोन कानांसाठी उतरवले असेल, तर नायिकेचा आवाज तिथेच पसरट झाला असणार.

चार चॅनेलमधूनही अधिक नेमकी दिशा काढण्याचे मार्ग आहेत. व्हिले पुल्की यांनी २००७ मध्ये मांडलेल्या डिरॅक पद्धतीत ध्वनी वेळ आणि वारंवारता यांच्या बारीक चौकटींत तोडला जातो, प्रत्येक चौकटीत ध्वनीची ऊर्जा कोणत्या दिशेने वाहते आणि तिचा किती भाग नुसता विखुरलेला आहे याचा अंदाज केला जातो, आणि मग दिशा असलेला भाग व विखुरलेला भाग वेगवेगळ्या रीतीने पुन्हा घडवले जातात. आपल्या जिन्यावरच्या पावलांना ही रीत चांगली लागू पडेल, कारण एका वेळी एकच पाऊल वाजते. सतत कोसळणाऱ्या पावसावर ती कधी कधी बुडबुड्यांसारखे कृत्रिम आवाज निर्माण करते, तिथे साधी पद्धतच बरी.

आणि शक्य असेल तर दोन चॅनेलच्या फाइलबरोबर मूळ रचनाही जपून ठेवा. २०१२ मध्ये डॉल्बी ॲटमॉस आणि २०१५ मध्ये एमपेग-एच ही मानके आली, त्यांत आवाज आणि त्याची जागा वेगवेगळी साठवली जाते आणि शेवटचे मिश्रण ऐकणाऱ्याच्या उपकरणावर होते. ज्यांच्याकडे मान टिपणारे हेडफोन आहेत त्यांच्यासाठी उद्या तीच श्रुतिका नव्याने उतरवता येईल.

श्रुतिकाकार

सर्व सूचना अमलात आणून पुन्हा लिहितो आहे. अनुनाद यांचा कयास खरा निघाला. मी संवादही पहिल्या श्रेणीच्या मिश्रणात टाकले होते. ते बाहेर काढले, नायिकेला एक लहानशी खोली दिली, आठ परावर्तनांना दिशा दिल्या, तिला दारापासून पाच पावले चालवून २० अंश डावीकडे थांबवले. वाक्य सुरू होताना ती आणखी एक लहान पाऊल पुढे टाकते, असेही जोडले. फोनमधली सोय बंद आहे ना, हे यावेळी प्रत्येकाच्या हातातला फोन पाहून तपासले. पहिल्या चाचणीत दोघांच्या फोनमध्ये ती चालू होती, हे विचारल्यावर कळले.

त्याच सहा जणांना ऐकवले. चौघांनी समोर बोट दाखवले. एकाने समोरच दाखवले, पण भुवयांच्या बरेच वर, जणू ती उंच ओट्यावर उभी आहे. एकाला ती अजूनही मागे वाटते, मात्र डोक्याबाहेर आणि खोलीच्या आत. हेच सहा जण दुसऱ्यांदा ऐकत होते, त्यामुळे त्यांचे कान थोडे सावध झाले असतील, हे मी लक्षात ठेवले आहे. उरलेल्या दोघांसाठी काही करता येईल का?

मंद्रसप्तक

समोरचा आवाज उचलला जाणे, ही परक्या एचआरटीएफची नेहमीची खूण आहे. त्या गृहस्थांच्या कानांची खाच वापरलेल्या संचातल्या खाचेशी जुळत नाही आणि त्यांचा मेंदू तिला उंचीचा अर्थ देतो. खोली किंवा हालचाल आणखी वाढवून ते सुधारणार नाही. इथे कानच बदलून पाहायला हवेत.

एचआरटीएफ साठवण्यासाठी सोफा नावाचे सामायिक स्वरूप २०१५ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या एईएस ६९ या मानकाने निश्चित झाले, आणि बरीच सॉफ्टवेअर त्या स्वरूपातली कोणतीही फाइल उघडतात. खुल्या संग्रहांतून एकमेकांपासून शक्य तितके वेगळे तीन-चार संच निवडा, प्रत्येकातून नायिकेचे तेच एक वाक्य उतरवा, आणि त्या दोघांना ओळीने ऐकवून कोणते समोर व डोळ्यांच्या पातळीवर वाटते ते विचारा. कानाचे छायाचित्र किंवा त्रिमितीय चित्र घेऊन संच बेतण्याची सोय काही कंपन्या गेल्या काही वर्षांत देऊ लागल्या आहेत, पण आपल्या कामाला ही साधी निवडही पुरावी. दोघांचे समाधान वेगवेगळ्या संचांनी झाले, तर श्रुतिकेच्या दोन-तीन आवृत्त्या काढता येतील. प्रत्येकीच्या आरंभी दहा सेकंदांची चाचणी ठेवावी: समोरून एक टाळी, मागून एक टाळी, मग पुन्हा समोरून. ज्या आवृत्तीत पहिली आणि तिसरी टाळी समोर पडेल, ती श्रोत्याने ऐकावी. चाचणीसाठी टाळीच घ्यावी, बोललेला शब्द नको, कारण टाळीत ८ किलोहर्ट्झच्या पुढेही भरपूर ऊर्जा असते आणि कानांना खाच वाचायला तीच लागते.